गरोदरपणातली कंबरदुखी आणि वाढतं वजन: ठाणे-नवी मुंबईच्या धावपळीत काय करायचं

गरोदर बाईने ‘कंबर धरलीय’ म्हटलं की तिला दोन ठरलेली उत्तरं मिळतात. घरातून, ‘पोट वाढतंय, दुखणारच, बाळ झालं की जाईल.’ आणि तपासणीच्या गर्दीत घाईघाईने, ‘वजन फार वाढवू नका.’ दोन्ही उत्तरं अर्धी आहेत. मी ठाण्यात फिजिओथेरपी करते. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याचजणी सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत हेच ऐकत दुखणं काढत बसलेल्या असतात. काहींनी तर वजन कमी राहिलं की कंबरदुखी थांबेल, या आशेने रात्रीचं जेवण सोडलेलं असतं. याचं मला फार वाईट वाटतं, कारण त्यात बाळाचंही नुकसान होतं आणि कंबरदुखीही थांबत नाही.

निम्म्याहून अधिक गरोदर बायकांना कधी ना कधी कंबरदुखी होते. पण ती कोणाला होईल हे वजनाच्या काट्यावर फारसं ठरत नाही. आधीपासून पाठ दुखत असेल, पहिल्या खेपेला हाच त्रास झाला असेल, काम अंगमेहनतीचं असेल, तर शक्यता जास्त. वजन जास्त असणं हे यातलं एक कारण आहे, एकमेव नाही. म्हणून वजनाकडे आणि कंबरेकडे वेगवेगळं बघायचं. वजनासाठी एक वही ठेवायची. कंबरेसाठी दुखणं नेमकं कुठे आहे ते शोधायचं आणि दिवसभरातल्या हालचाली बदलायच्या.

सगळ्यात आधी: ही साधी कंबरदुखी आहे ना?

पुढचं सगळं वाचण्याआधी हे तपासा. सदतीस आठवडे पूर्ण व्हायच्या आत कंबर ठराविक अंतराने दुखून थांबत असेल, पुन्हा दुखत असेल, सोबत पोट कडक होत असेल, तर त्या वेळेआधीच्या कळा असू शकतात. कधी कधी त्या पोटात न जाणवता कंबरेतच जाणवतात. अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, थंडीताप आणि एका बाजूला बरगडीखाली दुखणं, लघवीला जळजळ, बाळाची हालचाल कमी वाटणं, यातलं काहीही असेल तर उद्याची वाट न बघता आजच दवाखान्यात जा. पाय लुळा पडणं, दोन्ही मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा, लघवी-संडासवर ताबा न राहणं हे क्वचित होतं, पण झालं तर तातडीचंच. एकाच पोटरीत सूज आणि दुखणं असेल तर ती मालिश करून घालवायची गोष्ट नाही. रक्ताची गाठ असू शकते.

गरोदर बाईसाठी १०२ आणि कुठल्याही तातडीसाठी १०८ हे रुग्णवाहिकेचे नंबर घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये हवेत. नुसत्या नवऱ्याच्या मोबाइलमध्ये असून चालत नाही, कारण दुपारी तीन वाजता तो अंधेरीला किंवा बेलापूरला ऑफिसात असतो.

दुखणं कुठे आहे, एका बोटाने दाखवा

मी प्रत्येकीला हाच पहिला प्रश्न विचारते. तळहात ठेवू नका, एक बोट ठेवा.

बोट कंबरपट्ट्याच्या वर, मणक्याच्या आसपास गेलं आणि दुखणं बराच वेळ उभं राहिल्यावर किंवा संध्याकाळी वाढत असेल, तर ती साधी कंबरदुखी. पोट पुढे जातं तसा शरीराचा तोल पुढे सरकतो, तो सावरायला कंबर मागे वाकते, पोटाचे स्नायू ताणले जातात आणि पाठीच्या स्नायूंवर जादा काम पडतं.

बोट जर खाली, कुल्ल्यावर जिथे खळी पडते तिथे गेलं, तर दुखणं कटीच्या, म्हणजे ओटीपोटाभोवतीच्या हाडांच्या कड्याच्या, मागच्या सांध्याचं आहे. याची ओळख हालचालींवरून पटते. अंथरुणात कूस बदलताना जीव जातो, जिना चढताना एका बाजूला कळ येते, एका पायावर उभं राहून सलवार घालता येत नाही. कधी हेच दुखणं पुढे, जांघांच्या मधोमध हाडावर येतं आणि चालताना आतून ‘कट्’ असा आवाज जाणवतो. गरोदरपणात सांधे बांधून ठेवणारे बंध सैल होतात, त्यामुळे या सांध्यांवर असमान भार आला की ते बोलतात. दुखण्याचं हे रूप फार जणींना असतं आणि फार थोड्यांना कोणी नीट समजावून सांगितलेलं असतं. याला साध्या कंबरदुखीचे व्यायाम सरसकट दिले तर काही वेळा त्रास वाढतो, म्हणून हा फरक महत्त्वाचा.

तिसरा प्रकार म्हणजे कुल्ल्यातून गुडघ्याच्या खाली पावलापर्यंत जाणारी मुंग्यांची, विजेसारखी कळ. ही खरी सायटिका. लोक कुठल्याही पायदुखीला सायटिका म्हणतात, पण गरोदरपणात ती तितकीशी होत नाही. असेल तर घरगुती उपायांत वेळ न घालवता दाखवा.

आणि ‘कॅल्शियम कमी झालंय म्हणून कंबर दुखते’ हा समज सोडून द्या. कॅल्शियमच्या गोळ्या बाळासाठी आणि तुमच्या हाडांसाठी घ्यायच्याच आहेत, पण त्यांनी सांध्याचं दुखणं थांबत नाही. फक्त लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकाच वेळी घेऊ नका. कॅल्शियममुळे लोह अंगी लागत नाही.

वजनाची वही

गरोदर राहण्याआधीचं किंवा पहिल्या तपासणीचं वजन वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि बीएमआय काढा: किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. उंची १५५ सेंमी आणि वजन ५२ किलो असेल तर ५२ भागिले (१.५५ × १.५५), म्हणजे साधारण २१.६.

जगभर वापरले जाणारे २००९ चे अमेरिकी निकष असे आहेत: बीएमआय १८.५ च्या खाली असेल तर नऊ महिन्यांत १२.५ ते १८ किलो वाढ, १८.५ ते २४.९ असेल तर ११.५ ते १६. २५ ते २९.९ ला ७ ते ११.५, आणि ३० च्या वर ५ ते ९ किलो. आपल्याकडे बहुतेक डॉक्टर सर्वसाधारण बांध्याच्या बाईला १० ते १२ किलो सांगतात. शिवाय भारतीयांमध्ये २३ च्या पुढेच वजन जास्त धरतात, त्यामुळे बीएमआय २४ असलेल्या बाईला डॉक्टरांनी थोडा कमी आकडा सांगितला तर गोंधळू नका, त्यांचाच आकडा वहीत लिहा. जुळं असेल तर यातलं काहीच लागू नाही, हिशोब वेगळा असतो.

पहिल्या तीन महिन्यांत अर्धा ते दोन किलो वाढलं तरी पुष्कळ. उलट्यांमुळे थोडं उतरलं तरी घाबरायचं कारण नसतं; मात्र पाणीसुद्धा टिकत नसेल तर दाखवा. चौथ्या महिन्यापासून मध्यम बांध्याच्या बाईला आठवड्याला साधारण ४०० ग्रॅम, आणि वजन आधीच जास्त असेल तर ३०० ग्रॅमच्या आसपास.

‘बाळ तर तीनच किलोचं, मग बाकीचं काय?’ असं पुष्कळजणी विचारतात. वार अर्धा ते पाऊण किलो, गर्भजल एक किलोच्या आसपास, वाढलेलं गर्भाशय जवळपास एक किलो, वाढलेलं रक्त एक-दीड किलो, स्तन आणि अंगातलं पाणी मिळून आणखी दोनेक किलो, आणि अंगावर दूध येण्यासाठी शरीर साठवून ठेवतं ती तीन-चार किलो चरबी. यातलं जवळपास काहीही फुकट नाही.

वजन आठवड्यातून एकदाच करा, सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, त्याच काट्यावर, त्याच गाऊनमध्ये. दवाखान्यातला दुपारचा काटा आणि घरचा सकाळचा काटा यांची तुलना करू नका. साडी, जेवण, पाणी मिळून किलोभराचा फरक सहज पडतो. एखाद्या आठवड्याच्या आकड्यावर काही ठरवायचं नसतं, महिन्याचा कल बघायचा. अपवाद एकच: पाचव्या महिन्यानंतर एका आठवड्यात अचानक किलोच्या वर वजन वाढलं, बोटातली अंगठी घट्ट झाली, चेहरा सुजला, डोकं दुखतं, डोळ्यांपुढे चमकतं, तर ते जेवणाचं वजन नाही. त्याच दिवशी बीपी मोजून घ्या. १४०/९० किंवा वर असेल तर डॉक्टरांना लगेच कळवा.

वजन पुरेसं न वाढणं हाही तितकाच गंभीर प्रश्न आहे. बाळ कमी वजनाचं होण्याची, लवकर होण्याची शक्यता वाढते. सडपातळ राहिल्याचं कौतुक या नऊ महिन्यांत कोणी केलं तर ते मनावर घेऊ नका.

दोन जिवांचं खाणं म्हणजे किती

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार गरोदर बाईला रोज ३५० कॅलरी जास्त लागतात. म्हणजे नाचणीची एक भाकरी, वाटीभर मटकीची उसळ आणि पेलाभर दूध. बस, इतकंच. प्रथिनं मात्र शेवटच्या तीन महिन्यांत रोज २२ ग्रॅम जास्त हवीत आणि तिथेच आपण कमी पडतो. पोहे, उपमा, साबुदाणा, वरण-भात, वडापाव यांत पोट भरतं, प्रथिनं भरत नाहीत. म्हणून सकाळी पोह्यांसोबत अंडं किंवा वाटीभर दही, दुपारी डब्यात उसळ, संध्याकाळी स्टेशनवर उतरल्यावर भजीऐवजी पर्समधले चणे-शेंगदाणे. मासे खात असाल तर बांगडा, तारली उत्तम. मोरी टाळा, शार्कच्या मांसात पारा साठतो.

सातव्या महिन्यात डोहाळजेवणं सुरू होतात. सासर, माहेर, ऑफिस, सोसायटीतल्या मैत्रिणी, प्रत्येक ठिकाणी पुरणपोळी आणि गोड. त्या दिवशी आनंदाने खा. त्यानंतर घरात उरलेले डबे मात्र वाटून टाका. आणि २४ ते २८ आठवड्यांत साखरेची तपासणी चुकवू नका: ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी रक्तातली साखर १४० किंवा जास्त आली तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. पैशांची अडचण असेल तर दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आणि महापालिकेच्या दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली चौथ्या महिन्यापासून मोफत तपासणी होते.

पहाटेपासून रात्रीपर्यंतच्या हालचाली

माझा सगळा भर इथे आहे. दिवसातून वीस मिनिटं व्यायाम केला आणि उरलेला दिवस सांध्याला पीळ देत राहिलात, तर कंबरदुखी सुटत नाही.

अंथरुणातून उठताना सरळ उठून बसू नका. दोन्ही गुडघे दुमडा, एकमेकांना चिकटवून ठेवा, श्वास सोडत खांदे आणि कंबर एकदमच कुशीवर वळवा, पाय पलंगाखाली सोडा आणि हाताने ढकलून उठा. कूस बदलतानाही हेच. गुळगुळीत कापडाचा गाऊन घातला तर वळणं सोपं जातं. जाड सुती गाऊन गादीला अडकतो. सलवार, लेगिंग्ज बसून घाला.

स्वयंपाकाच्या ओट्याशी एक पाय पाटावर ठेवा, दर काही मिनिटांनी पाय बदला. भाजी बसून चिरा. कुकर, पाण्याची बादली अंगाजवळ धरून उचला, आणि शक्य असेल तर उचलूच नका. मांडी घालून बसायची सवय असली तरी जांघेतल्या हाडावर दुखत असेल तर ती सध्या सोडा. पूजेला, डोहाळजेवणाला खुर्ची मागा. मागायला संकोच वाटतो हे मला कळतं, पण तासभर जमिनीवर बसल्यानंतरची रात्र तुम्हालाच काढायची असते.

आता प्रवास. ठाण्याला कल्याणहून भरून आलेल्या फास्टमध्ये शिरण्याऐवजी ठाण्याहूनच सुटणारी स्लो पकडा. वीस मिनिटं जास्त गेली तरी बसायला मिळतं. ऐरोली, घणसोली, वाशीकडे जाणाऱ्यांना ट्रान्स हार्बरच्या गाड्या ठाण्यालाच सुरू होतात, हा मोठा फायदा आहे. एक गाडी सोडून पुढच्या गाडीत बसा. दिव्यांगांच्या डब्यातून गरोदर बायकांना जाता येतं, सोबत तपासणीची फाईल ठेवा. महिलांच्या डब्यात पोट दिसेपर्यंत कोणी उठत नाही, आणि दुखणं तर पाचव्या महिन्यातच सुरू झालेलं असतं. तेव्हा स्पष्ट म्हणा, ‘ताई, मी प्रेग्नंट आहे, बसायला देता का?’ बहुतेकवेळा उठतात. उभं राहावंच लागलं तर पाय थोडे फाकवून, एक किंचित पुढे, आणि आधार खांद्याच्या उंचीवरच्या दांड्याचा; वरच्या कडीला लोंबकळल्याने कंबर आणखी मागे वाकते. पर्स एका खांद्यावर नको. पुलावर सरकता जिना किंवा लिफ्ट असलेली बाजू निवडा. साधा जिनाच असेल तर एका वेळी एकच पायरी: चढताना कमी दुखणारा पाय आधी, उतरताना जास्त दुखणारा आधी.

रिक्षात बसताना आधी बूड टेका, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्या. उतरताना उलट. कंबरेमागे ओढणीची गुंडाळी ठेवा. शेअर रिक्षात तिघींमध्ये दाटीवाटीने, अर्धं शरीर बाहेर, असं घोडबंदर रोडच्या खड्ड्यांतून जाणं मी कोणालाच सुचवणार नाही. त्यापेक्षा बसची रांग बरी.

ऑफिसात पाय जमिनीला टेकतील अशी खुर्ची, कंबरेला आधार, आणि दर अर्ध्या तासाला उठून दोन मिनिटं चालणं. दुकानात, शाळेत, हॉस्पिटलात दिवसभर उभ्याचं काम असेल तर एक गोष्ट माहीत असू द्या. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या सहा आठवड्यांच्या अगोदरच्या महिन्यात, बाईने मागणी केल्यास तिला कष्टाचं किंवा तासन्‌तास उभं राहायचं काम देता येत नाही, अशी कायद्यातच तरतूद आहे. मागणी लेखी द्या, जोडीला डॉक्टरांची चिठ्ठी.

रात्री कुशीवर झोपा, २८ आठवड्यांनंतर तर नक्कीच. डावी असो की उजवी, दोन्ही चालतात; उताणं झोपणं टाळायचं. जाग आल्यावर उताण्या असलात तर घाबरू नका, कूस बदला आणि झोपा. गुडघ्यांपासून घोट्यांपर्यंत मध्ये उशी, पोटाखाली छोटी घडी. त्यासाठी महागडी लांबलचक उशी लागत नाही. दोन जुन्या साड्यांची घट्ट गुंडाळी तितकंच काम करते.

व्यायाम

अंगावरून जाणं, वार खाली असणं, गर्भपिशवीला टाका, वाढलेलं बीपी, वेळेआधीच्या कळा, यातलं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. बाकीच्यांनी आठवड्याला मिळून १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा, म्हणजे रोज अर्धा तास, पाच दिवस. चालताना बोलता आलं पाहिजे; धाप लागून वाक्य तुटत असेल तर वेग कमी करा. तलावपाळी, उपवन, वाशीचं मिनी सीशोअर, नेरुळचं ज्वेल ऑफ नवी मुंबई, जवळ असेल ते निवडा. कटीच्या सांध्याचं दुखणं असेल तर अर्धा तास सलग न चालता दहा-दहा मिनिटांचे तीन भाग करा आणि पावलं छोटी टाका. पावसाळ्यात पेव्हर ब्लॉकवर शेवाळं असतं. तेव्हा सोसायटीच्या पार्किंगमधल्या फेऱ्या चांगल्या. पायात मागे पट्टा असलेली, तळवा जाड असलेली चप्पल हवी.

चालण्यासोबत हे चार. पहिले तीन रोज दोनदा.

भिंतीला पाठ टेकून उभ्या राहा, टाचा वीतभर पुढे, गुडघे किंचित वाकलेले. श्वास सोडत कंबरेमागची पोकळी भिंतीकडे दाबा, पाच मोजा, सोडा. दहा वेळा. हा ऑफिसातही करता येतो.

हात-गुडघ्यांवर या. श्वास सोडत पाठ वर गोल करा, मग परत सपाट. फक्त सपाट; पोट खाली लोंबू देऊ नका. दहा वेळा. पोटाचा भार कंबरेवरून उतरतो म्हणून बहुतेकींना हा सर्वांत आवडतो.

खुर्चीवरून हात न लावता उठा आणि हळूहळू बसा. दहा वेळा. मांड्या आणि कुल्ले मजबूत झाले की जिना सोपा होतो.

लघवी आणि वारा एकाच वेळी रोखल्यासारखे खालचे स्नायू आत-वर ओढा, पाच मोजा, तितकाच वेळ सैल सोडा. दहा वेळा, दिवसातून तीनदा. प्रत्यक्ष लघवी करताना ती थांबवून सराव करू नका.

व्यायामानंतर स्नायू थोडे जड वाटणं ठीक. रात्री दुखणं वाढत असेल तर वेळा निम्म्या करा, बंद करू नका. कळ नेमकी एकाच व्यायामाने येत असेल तर तेवढा सोडा.

पट्टा, शेक, तेल, गोळ्या

कटीच्या सांध्याच्या दुखण्याला पट्टा उपयोगी पडतो, पण तो पोटावर नाही, पोटाखाली कुल्ल्यांभोवती बांधायचा आणि चालण्या-उभं राहण्यापुरताच. एकदा फिजिओथेरपिस्टकडून बांधायला शिकून घ्या. गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून कंबरेवर दहा-पंधरा मिनिटं चालते, पोटावर नको. मालिशवाल्या मावशींकडून कुशीवर झोपून हलक्या हाताने तेल लावून घ्या. पाठीवर पाय देणं, मणका मोडणं अजिबात नाही.

गोळ्यांबाबत मी कडक आहे. मेडिकलमध्ये ‘कंबरदुखीची गोळी द्या’ म्हटलं की डायक्लोफिनॅक, अॅसिक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन असलेली गोळी हातात पडते. विसाव्या आठवड्यानंतर या औषधांनी बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं, आणि शेवटच्या तीन महिन्यांत बाळाच्या हृदयाजवळची रक्तवाहिनी वेळेआधी बंद होण्याचा धोका असतो. दुखणं असह्य असेल तर डॉक्टर सहसा पॅरासिटामॉल देतात, तेही त्यांनी सांगितलेल्या मात्रेत. वेदनाशामक मलमसुद्धा विचारूनच लावा.

बाळंतपणानंतर

‘पाठीतलं इंजेक्शन घेतलं म्हणून कंबर कायमची गेली’ हे वाक्य आपल्याकडे घरोघरी आहे. टोचलेल्या जागी काही दिवस दुखू शकतं, पण महिनोन्‌महिने चालणारी कंबरदुखी त्या इंजेक्शनने होत नाही, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. खरं कारण बहुतेकवेळा ढिले झालेले पोटाचे स्नायू आणि दिवसातून दहा-बारा वेळा पुढे वाकून दूध पाजणं हे असतं. म्हणून बाळाला उशीवर घेऊन छातीच्या उंचीला आणा, तुम्ही बाळाकडे वाकू नका. पाठ टेकलेली, पाय टेकलेले. खालच्या स्नायूंचा व्यायाम, लघवीची नळी घातली असेल तर ती निघाल्यानंतर, पहिल्या आठवड्यातच हळूहळू सुरू करता येतो; बाकीचे व्यायाम सव्वा महिन्याच्या तपासणीनंतर.

बहुतेकींचं दुखणं पहिल्या तीन महिन्यांत उतरतं. त्यानंतरही बाळाला उचलताना किंवा एका पायावर उभं राहताना कळ येत असेल, तर फिजिओथेरपिस्टला दाखवा आणि जाताना डिस्चार्जचा कागद आणि वजनाची वही सोबत न्या.